खुर्च्यांची साक्ष

लगबगताईंना स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. लग्नाच्या फोटोतही त्या जरा हललेल्याच आल्या आहेत. बोलताना अडखळणाऱ्या लोकांच्या एका संस्थेचे कार्यक्रम आखायचे आणि ते कसे झाले हे नंतर पारखायचं, हे त्यांचं काम. ‘छान झाला हो कार्यक्रम’ या वाक्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. जेवण बरं असलं की लोक छानच म्हणतात. ताई साक्ष काढायच्या ती खुर्च्यांची. रांगा मांडल्या तशाच राहिल्या, तर माणसं आली, बसली, गेली. खुर्च्या एकमेकींकडे तोंड करून वेड्यावाकड्या पडल्या असतील, तर माणसं बोलली.

यंदा मात्र जिवाला घोर होता. संस्थेच्या वार्षिक मेळाव्यातला गप्पांचा तास चिटणीसांच्या डोळ्यांत खुपत होता.

“ताई, ज्यांना बोलायचा त्रास, त्यांनाच तुम्ही तासभर बोलायला लावता. त्यापेक्षा गायक बोलावू. बसून ऐकतील बिचारे.”

“ऐकण्यातच जन्म गेलाय त्यांचा, साहेब.”

शेवटी ठरलं की तास संपला की दोघांनी सभागृह बघायचं. खुर्च्या सरळ दिसल्या, तर पुढच्या वर्षीपासून गायक.

आयोजक समोर दिसला की लोक उरकतं घेतात, म्हणून तो तास ताईंनी चिटणीसांबरोबर रंगमंचामागच्या खोलीत काढला. काढला म्हणजे अक्षरशः पायांनी काढला. खिडकी उघडली, लावली, पाणी ओतलं, प्यायला विसरल्या. कान दाराला लावला, तर पंख्याची खडखड तेवढी ऐकू आली.

“बसा हो ताई,” चिटणीस म्हणाले. “तुमच्याकडे बघून मला धाप लागते.”

तास संपला. दोघं रंगमंचावर आले. सगळ्या खुर्च्या सरळ रांगांत उभ्या. शेवटच्या रांगेपाशी त्यांचे यजमान, निवृत्त कवायत मास्तर, एक डोळा मिटून रेष तपासत होते.

“अहो, हे काय केलंत?”

“आवरलं. काय पसारा होता! एक खुर्ची दुसरीच्या मांडीवर.” ताईंचं खुर्चीशास्त्र मास्तरांनी वर्षानुवर्षं ऐकलं होतं, पण नवरे ऐकतात तसं.

“ऐकलंत ना साहेब? पसारा होता.”

“ताई, नवरा बायकोच्याच बाजूने बोलणार.”

“हे? साहेब, तो योग माझ्या पत्रिकेत नाही.”

चिटणीस हसले, बॅग उचलून निघाले आणि शेवटच्या रांगेशी थबकले. “ही रांग अर्धीच कशी?”

“ती मंडळी उठेचनात,” मास्तर कुरकुरले. “दरडावलं, तर खुर्च्या उचलून जिन्यावर गेली.”

खाली उतरायचा जिना खरंच अडलेला होता. वळणावर खुर्च्यांचं कोंडाळं, पायऱ्यांवर माणसं. एक जाडजूड शिंपीदादा आपल्या लग्नाच्या बोलण्यांची गोष्ट सांगत होते आणि नेमके सासऱ्यांपाशी अडले होते. शब्द ओठांवर येऊन बसला होता, बाहेर पडत नव्हता. चिटणीसांनी तो पुरवायला तोंड उघडलं. शेजारच्या आजींनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. कुणी घाई केली नाही. शब्द आला, पाठोपाठ हशा आला. कुणीतरी एक खुर्ची मागे सरकवली. वाट नव्हतीच, म्हणून चिटणीस टेकले.

“मग? पुढे काय म्हणाले सासरे?”

वरच्या पायरीवर ताईंचा एक पाय अजून हलतच होता. मास्तर त्यांना ओलांडून खाली निघाले. “ती साहेबांची खुर्ची किती तिरकी आहे बघ.”

ताईंनी त्यांचा सदरा मागून धरला. “हात लावून तर बघा.”