पहिली चूक वर असते

मी ज्यांचा सर्वांत जास्त ऋणी आहे, ते रेवणप्पा अण्णा. ते गेल्याचं त्यांच्या मुलीनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी पुण्यात कामावर होतो. समोर स्क्रीनवर चुकांची लांबलचक यादी होती. फोन ठेवल्यावरही माझं बोट ती यादी वर सरकवत राहिलं... पहिल्या चुकीपर्यंत. ही सवय अण्णांची.

खटकचिंचोळीच्या आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. बिदरजवळच्या कोळार औद्योगिक वसाहतीत एका औषधाच्या कारखान्यात सहा महिन्यांच्या उमेदवारीवर लागलो. तिथले संगणक अण्णा सांभाळत. शीतगृहाच्या तापमानावर आणि सर्व्हरवर लक्ष ठेवणारं एक सॉफ्टवेअर जुन्या लिनक्स मशीनवर बसवायचं होतं. मशीनला इंटरनेट नव्हतं, म्हणून मूळ कोडपासून ते तिथंच बांधावं, म्हणजे कंपाइल करावं लागणार होतं. हे जमलं तरच माझी नोकरी पक्की होणार होती.

बांधणी दर वेळी मध्येच अडायची. इंग्रजी ओळींची रांग दिसली की माझे डोळे थेट शेवटाकडे पळत, आणि शेवटी नुसतं 'एरर १' असायचं. अण्णा म्हणाले, "खालचं कामून वाचायलास? ते नुसतं रडणं हाय. मार कुठं बसला ते वर बघ." ते स्वतः पहिली चूक वहीत उतरवून घेत. कारण कळलं की तिच्याखाली लाल रेघ मारून बाजूला लिहीत, 'सापडली'.

मी वर पाहिलं. सॉफ्टवेअर ज्या लायब्ररीवर चालायचं, तिची माहिती देणारी एक हेडर फाईल मिळत नव्हती. मी हुशारी केली, त्याच नावाची रिकामी फाईल करून ठेवली. ती चूक गेली आणि तिच्या जागी चाळीस आल्या. दोन दिवस आम्ही त्या चाळिसांमागे फिरलो. रिकाम्या फाईलचं मी अण्णांना सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी अण्णांनी ती फाईल उघडली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "टोपल्यात भाकरी न्हाई म्हणून वरून फडकं झाकलास व्हय? उपाशी माणूस फडकं खातंय का?" मग त्या लायब्ररीचं बांधणीसाठी लागणारं वेगळं पॅकेज त्यांनी पेन ड्राइव्हवर आणलं, आणि संध्याकाळच्या आत काम झालं.

साहेबांनी विचारलं, दोन दिवस कुणामुळे गेले? अण्णा म्हणाले, "माझंच चुकलं साहेब. नीट बघितलो न्हाई." मी शेजारी उभा होतो. बाहेर आल्यावर म्हटलं, "अण्णा, मी..." ते म्हणाले, "चहा गार व्हायलाय. पी."

नोकरी पक्की झाली. पुढं पुण्याला आल्यावर मी त्यांना एक पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही, आणि मीही गेलो नाही. गेल्या आठवड्यात भालकीला त्यांच्या घरी गेलो, तेव्हा अक्कांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, ती वही माझ्या हातात दिली. आत माझं पत्र होतं. पहिल्या वाक्याखाली लाल रेघ, बाजूला 'सापडली'...

"अण्णा, त्या दिवशी साहेबांसमोर मी बोललो नाही, ती माझी पहिली चूक. रिकामी फाईल त्याआधीची, पण ती तुम्ही काढून टाकलीत. ही अजून आत आहे. आता इथं काही अडलं की माझं काय चुकलं ते मी आधी सांगतो. भालकीला येईन, तेव्हा हे तोंडानंही सांगेन. तुमचा, संतोष."