सायप्रसच्या गिटारीची पूजा

आमच्या इथल्या, शॅनन गावातल्या मराठी मंडळींना गिरीशचं वेड कधी कळलंच नाही. चांगली नोकरी असताना हा गृहस्थ शनिवार-रविवार घरामागच्या शेडमध्ये फ्लॅमेन्को या स्पॅनिश नाचाच्या साथीची गिटार घडवत बसायचा. "शिसवी लाकूड वापर की, काय घुमेल!" असा सल्ला प्रत्येकाने फुकट दिला. गिरीश कधी चिडला नाही, चिडायचो मी. या गिटारीला घुमायचंच नसतं. पाठ आणि कडा सायप्रस झाडाच्या लाकडाच्या, पातळ, हलक्या. वरची फळी फिक्या रंगाच्या स्प्रूस लाकडाची. आवाज टाळीसारखा कोरडा, उठला की थांबणारा. नाचणाऱ्याच्या टाचांमध्ये रेंगाळणारा सूर चालत नाही.

त्याची बायको शोभना त्या शेडचा रागराग करायची. शेवटी तिनेच अट घातली. शेजारच्या लिमरिक शहरातला फ्लॅमेन्को वादक ओईन याने नवी गिटार पसंत केली, तर गिरीशने खुशाल नोकरी सोडून हेच करावं. नाही केली, तर शेड रिकामी. गिरीश हरखला. स्पेनहून आणलेलं सायप्रस त्याने कित्येक वर्षं घरात वाळवलं होतं. गिटार झाली. पॉलिशच्या आधी कोऱ्या लाकडावरच तारा चढवून आवाज पाहतात, तसा त्याने पाहिला. मी तिथे होतो. अंगावर काटा आला.

खंडेनवमीला ऑफिसातून मी त्याच्याबरोबरच घरी गेलो. शोभनाने शेड झाडून रांगोळी काढली होती. पटाशा, रंधे, करवती, सगळं खोबरेल तेलाने पुसून मांडलेलं, वर गंध-फूल. मधोमध गिटार. तीही तेलाने चोळून काढलेली.

"तुझं काम म्हणून पहिल्यांदाच पूजा केली रे," ती म्हणाली. "चमकतेय ना?"

कोऱ्या फळीने तेल पिऊन टाकलं होतं. ते पुन्हा बाहेर काढता येत नाही. गिरीशने तारेवर बोट मारलं. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा आवाज आला.

"मस्त चमकतेय," तो म्हणाला आणि हात जोडून उभा राहिला.

ओईन आला, थोडं वाजवून त्याने गिटार अलगद खाली ठेवली. "काम ग्रँड आहे, गिरीश. पण आवाज मेलाय."

तो गेल्यावर मी गिरीशला बाजूला घेतलं. "तिला सांग काय झालं ते."

"आयुष्यात एकदा तिने माझ्या कामाला हात जोडले. कसं सांगू?"

असला चांगुलपणा माझ्या डोक्यात जातो.

शेड रिकामी झाली. दिवाळीच्या फराळाला शोभना सगळ्यांसमोर म्हणाली, "मी तर मनापासून पूजा केली होती हो. पण याच्या हातातच नाही ते." गिरीश हसून "खरंय" म्हणाला. मला वाटलं, तिच्यासाठी म्हणतोय.

परवा गाडीत आम्ही दोघंच असताना मी तो विषय काढला, तर तो मलाच समजावू लागला. "तेलाचं सोड यार. तेल लागलं नसतं, तरी ओईनने ती घेतली नसती."