विकलेल्या फोनचं कुलूप

मधल्या सुट्टीत चहाचा कप हातात घेतला होता, तेवढ्यात गिरणीवाल्या ताई थेट शिक्षकांच्या खोलीत आल्या. हातांवर, पदरावर पीठ तसंच. त्यांनी माझ्यासमोर टेबलावर फोन ठेवला आणि म्हणाल्या, "बाई, ह्यो तुमचा फोन तुमच्यापाशी ठिवा. भाचा म्हणला, आसा बंद पडणारा फोन चोरीचा आस्तोय."

खोलीत आणखी तीन शिक्षक होते. दारात मुलं उभी होती. 'चोरीचा' हा शब्द सगळ्यांनी ऐकला.

तो फोन मी पाच दिवसांपूर्वीच त्यांना विकला होता. माझाच होता, जालन्यात सिमकार्डाच्या कंपनीच्या दुकानातून रीतसर घेतलेला, पूर्ण किंमत भरलेला. स्कीममध्ये थोडा स्वस्त पडला होता आणि तीन वर्षं त्यांचंच सिम वापरायचं अशी बोली होती. आता आमच्या गावाला, कुंभार पिंपळगावच्या पुढे सहा-सात किलोमीटरवर, त्या कंपनीची रेंज म्हणजे पाण्याच्या टाकीच्या पायऱ्या. शाळेची ऑनलाइन हजेरी भरायला मी दीड वर्ष त्या पायऱ्या चढले. पावसात डोक्यावर पोतं घेऊन चढले. तक्रारी केल्या. दर वेळी एक गोड आवाज सांगायचा, काम सुरू आहे. शेवटी मुदत संपायची वाट न बघता नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेला. त्याच आठवड्यात भावानं नवा फोन दिला, म्हणून नवं सिम जुन्या फोनमध्ये घालून बघायची वेळच आली नाही.

नंबर नेताना मला चार जणांचे फोन आले. का जाताय, नका जाऊ, जादा डेटा देतो. पण तुमचा फोन दुसऱ्या सिमवर बंद पडेल, हे चौघांपैकी एकानंही सांगितलं नाही. हे मी आजही विसरलेले नाही.

गिरणीवाल्या ताईंची लेक संभाजीनगरला नर्सिंग शिकते. तिचं तोंड बघून बोलता यावं एवढ्यासाठी त्यांनी फोन घेतला होता. मी तो पुसून, सगळं साफ करून, खोक्यासकट दिला. त्यांच्या दुसऱ्या कंपनीच्या सिमवर चार दिवस चालला. पाचव्या दिवशी पडद्यावर आलं, हा फोन फक्त आमच्या कंपनीच्या सिमसाठी आहे. पुढे काही उघडेचना.

"ताई, पैसे आत्ता परत घ्या," मी म्हणाले.

"पैसे नगं. म्या पोरीला सांगून बसले, आता रोज दिसशील म्हून. फोन चालू करून द्या."

शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघी बसनं जालन्याला गेलो. त्यांनी गिरणी बंद ठेवली होती. वाटेत त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. शेजारी बसूनही मला आरोपी असल्यासारखं वाटत होतं.

दुकानातल्या टाय घातलेल्या पोरानं माझा नंबर टाकला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही आमच्या ग्राहक नाहीत."

"माहीत आहे. फोन कुणाचा आहे?"

"फोन तुमचाच आहे."

"मग उघडून दे."

"त्यासाठी तक्रार नोंदवावी लागेल. आणि तक्रार आमच्या नंबरवरूनच नोंदवता येते."

मी त्याला हेच पुन्हा म्हणायला लावलं. वाटलं, स्वतःच्या कानांनी ऐकल्यावर तरी त्याला कळेल. त्यानं जसंच्या तसं पुन्हा म्हटलं.

तेव्हा गिरणीवाल्या ताई पहिल्यांदा बोलल्या. गिरणीच्या आवाजावर बोलायची सवय असलेला तो गळा. सगळं दुकान वळून बघायला लागलं. "ए बाबा, माझ्याकडं लोक दळण आणतेत. पीठ नेताना म्या इचारते का, भाकरी कोणाच्या तव्यावर टाकणार म्हून?"

आतून मोठा साहेब आला. त्यानं माझ्या सहीचा कागद काढून माझ्यापुढे सरकवला. दुसरं सिम घातलं तर फोन बंद पडेल, असं कलम खाली मुंगीएवढ्या अक्षरात होतं. सही माझीच होती. फोन घेतला त्या दिवशी दुकानातलं पोरगं बोट ठेवत गेलं आणि मी सह्या करत गेले. एवढी चूक माझी, ती मी कबूल करते. पण म्हणून मी तिथे गप्प बसले नाही. वर्गात धडा वाचतात तसा तो कागद मी मोठ्यानं वाचायला लागले. ओळीनं, थांबत थांबत. नवा फोन घ्यायला आलेलं एक जोडपं हातातलं खोकं काउंटरवर ठेवून ऐकायला लागलं.

"मॅडम, मॅडम, अर्ज द्या, घेतो," साहेब म्हणाला.

मी अर्ज दिला आणि पोच मागितली. पोचेवर शिक्का मागितला. शिक्का सापडत नाही म्हणाले, तर सापडेपर्यंत आम्ही दोघी खुर्च्यांवरून उठलो नाही.

त्यानंतर मला तीनदा मेसेज आला, आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. तिन्ही वेळा मी धावत गिरणीवर गेले आणि तिन्ही वेळा फोन तसाच बंद. ताई म्हणायच्या, "बराबर हाय का बाई, का तुम्ही मला नुसतं फिरवून राह्यलात?" मग मी पुन्हा जालना गाठलं, या वेळी एकटीनं, ताईंचा फोन घेऊन, शाळेतून रजा काढून. साहेबानं संगणकावर काहीतरी केलं. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. फोन उघडला. दोन मिनिटांच्या कामाला महिना लावला त्या लोकांनी! साधं 'चुकलं' सुद्धा म्हणाले नाहीत. उलट जाताना पोरानं विचारलं, "मॅडम, परत आमचं सिम घ्यायचं का? ऑफर आहे."

मी त्याला काय बोलले ते इथे लिहीत नाही.

ताईंचा फोन आता छान चालतो. लेक रोज दिसते. परवा मी ज्वारीचा डबा घेऊन गेले, तेव्हा नंबराला बसलेल्या एका बाईनं त्यांना विचारलं, "फोन कुठून घेतला वो?"

"ह्या बाईंकडून," ताई म्हणाल्या. "चांगला हाय. पण आधी लई तरास झाल्ता."

त्या बाईनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मला अगदी पहिल्यापासून सगळं सांगायचं होतं, टाकी, सही, शिक्का, सगळं. पण ताईंनी पट्टा चढवला, गिरणी सुरू झाली आणि माझं काही कुणाला ऐकू जाण्यासारखं राहिलं नाही.