अंजनाबाईचा सेट

माझी नणंद अंजनाबाई लाउडस्पीकरचा धंदा करायची. नागपूरच्या आमच्या इंदोरा वस्तीत लग्न असो, बारसं असो की जयंतीची मिरवणूक, भोंगे तिचेच. आज हे मी मिरवून सांगते, पण तेव्हा लोक काय म्हणायचे ते मी विसरलेले नाही. 'बाई भोंगे बांधते' म्हणायचे आणि तोंडाला पदर लावून हसायचे. हसणाऱ्यांच्या घरची कार्यं मात्र तिच्याच भोंग्यांवर वाजली.

तिचा नवरा गेला तेव्हा मागे एक ॲम्प्लिफायर, दोन भोंगे आणि एक माईक राहिला. ॲम्प्लिफायरला आम्ही सगळे सेट म्हणायचो. भेटायला आलेली माणसं घरातून उठायच्या आत तिचा दीर मनोहरराव म्हणाला, "वहिनी, सेट मी नेतो. हे गडीमाणसाचं काम आहे."

भाऊ जिवंत होता तेव्हा हा माणूस कधी बांबू धरायलाही आला नव्हता. आयत्या बिळावर नागोबा! अंजनाबाई रडत होती, ती रडायची थांबली.

"हात लावून पाहा," ती म्हणाली.

मग वस्तीतली वडीलधारी मंडळी बसली. त्यांत वामनराव मुख्य. या शहाण्यांनी तोडगा असा काढला, की लग्नसराई संपेपर्यंत सेट अंजनाबाईने चालवायचा. भर कार्यात एकदा जरी बंद पडला, तर तो मनोहररावाचा. नाही पडला, तर तिचा. वस्तू तिच्याच घरातली, आणि ती आपली आहे हे तिनेच परीक्षा देऊन दाखवायचं! मनोहररावाला कोणी काही दाखवायला सांगितलं नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी बोलायला लागले, तर माझ्या नवऱ्याने मला चहा ठेवायला आत पाठवलं. बहीण त्याचीच होती, तरी.

आणि परीक्षा कधी, तर नागपूरच्या मे महिन्यात. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षीचा उन्हाळा होता. चिमण्यासुद्धा दुपारी झाडाखाली चोची वासून पडलेल्या असायच्या.

सेट तर जुना. त्याच्या पाठीला ॲल्युमिनियमची खाचाखाचांची पाटी होती आणि तिच्यावर दोन मोठे ट्रान्झिस्टर स्क्रूने बसवलेले. ट्रान्झिस्टर तापतात, पाटी ती आग ओढून हवेत टाकते. आग नीट ओढली जावी म्हणून दोघांच्या मधे पांढरं मलम लावलेलं असतं. आमच्या सेटातलं ते मलम वाळून खडूची भुकटी झालेलं होतं. थोडा वेळ वाजला की सेटवर हात ठेववत नसे आणि आवाज फाटायला लागे.

सल्ले द्यायला मात्र सगळे पुढे. माझा नवरा म्हणाला, व्हॅसलीन लाव. शेजारचा सायकलवाला म्हणाला, ग्रीस लाव, चाकाला चालतं तर याला का नाही. सीताबर्डीच्या दुकानदाराने एक बोटाएवढी ट्यूब दाखवली आणि शेजारी डबीतलं सुटं मलम ठेवलं.

"ट्यूब महाग आहे, बाई. हे घ्या. दोन्ही एकच आहे."

"एकच आहे तर दोन दोन ठेवता काहून?" अंजनाबाईने विचारलं.

 तिने दोन्ही नमुन्याला घेतली. घरी येऊन एक थाळी पालथी घातली, तिच्यावर व्हॅसलीन, ग्रीस, सुटं मलम आणि ट्यूबमधलं मलम असे चार ठिपके लावले आणि थाळी दुपारच्या उन्हात टिनाच्या छपरावर तिरपी ठेवून दिली. संध्याकाळी उतरवली तेव्हा व्हॅसलीन तेल होऊन ओघळून गेलं होतं. ग्रीस पसरलं होतं. सुट्या मलमाचं तेल एकीकडे आणि पीठ एकीकडे झालं होतं. ट्यूबमधलं मात्र लावलं तिथेच, लावलं तसंच.

"हे टिकते," ती म्हणाली. "बाकीचे सारे उन्हाले पाहूनच पळाले."

पण आम्ही पडलो तर्रीवाली माणसं. पोह्यांवर तर्रीचं लाल झणझणीत तेल तरंगलं नाही तर पोहे खाल्ल्यासारखे वाटत नाहीत. महागाचं मलम आणलं, तर तिने ते हात सैल सोडून लावलं. सेट पहिल्यापेक्षा जास्त तापला! त्या संध्याकाळी तिने दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तोंड दुखलं तेव्हा स्क्रू काढून बघितलं. ट्रान्झिस्टर मलमाच्या गादीवर बसला होता, पाटीला टेकतच नव्हता.

"मधातच बसून राहिलं वं, प्रेमलता," ती मला म्हणाली. "दोघाले भेटूच देत नाही."

मग तिने सगळं पुसून काढलं आणि पापड लाटताना पोळपाटाला तेलाचं बोट फिरवतो, तेवढंच मलम ठेवलं. सेट दोन विटांवर चढवला, खालून हवा लागावी म्हणून. त्या दिवसापासून सेट तापायचा, पण हात ठेवता येईल इतकाच.

मनोहरराव प्रत्येक लग्नात हजर. बोलावणं असो नसो, पंगतीतून उठला की सेटजवळ येऊन बसायचा, त्याला हात लावून बघायचा, आणि पुन्हा तोंड पाडून बसायचा. आजाऱ्याच्या उशाशी वारसदार बसावा तसा. मला तर त्याला पाहिलं की घास गिळवत नसे.

सराईतलं शेवटचं लग्न वामनरावाच्याच मुलीचं होतं. हो, तेच तोडगेवाले वामनराव. भर दुपारचं लग्न. लग्न लावायची बुद्धवंदना सुरू व्हायची होती, तोवर सेटावर गाणी चालू होती. गरम वारा असा सुटला, की कडुनिंबावर बांधलेला भोंगा फिरून भिंतीकडे तोंड करून बसला. अंजनाबाई शिडी लावून वर चढली.

तेवढ्यात नवरीची मावशी, पार्वतीबाई, सेटजवळून गेली. तिला सेटची दया आली. आमच्याकडे ऊन लागतं ते बाहेरून. म्हणून आम्ही झाकून घेतो. डोक्याला ओला दुपट्टा, खिशात कांदा, मग चला कुठेही. त्या भल्या बाईने आपला दुपट्टा माठाच्या पाण्यात बुडवून पिळला आणि सेटला चारी बाजूंनी लपेटला. वर एक कांदाही ठेवला. आता या सेटची आग आतली होती, तिला बाहेर निघायला वाट पाहिजे होती, हे त्या बिचारीला कोण सांगणार? गाणं मधेच गचकलं. फ्यूज गेला.

"बंद पडला!" मनोहरराव ओरडला. त्याच्या तोंडावरचा आनंद मी या जन्मात विसरणार नाही. "ठरलं ते ठरलं. वामनराव, तुमच्याच तोंडचे शब्द आहेत."

"मी झाकलं जी," पार्वतीबाई रडायला लागली. "त्याले लू लागू नये म्हणून झाकलं."

तिचं कोण ऐकतो! वामनराव खाली बघत म्हणाले, "शब्द तर झाला होता, गा."

अंजनाबाई शिडीवरून उतरली. मला वाटलं, आता मांडव डोक्यावर घेईल.  पण तिने तार काढली, दुपट्टा सोडला, कांदा पार्वतीबाईच्या हातात ठेवला. मग पेचकस घेऊन ट्रान्झिस्टर मोकळे केले आणि पाटीवरचं मलम पदराने घासून घासून पुसलं. सगळं कोरडं परत बसवलं.

"न्या सेट," ती दिराला म्हणाली. "मलम माझं होतं, मी उन्हात पारखून आणलं. ते तुमच्या ठरावात नव्हतं."

मनोहररावाचा चेहरा उतरला. "आता हा चालन का, वहिनी?"

"मले काहून विचारता? गडीमाणसाचं काम आहे."

त्याने बटण फिरवलं. सेट मुका. फ्यूज कुठे असतो हेही त्याला ठाऊक नव्हतं. त्याने सेटवर दोन थापा मारल्या. बायकांमधून कोणी तरी फिसकन हसलं. नवरा-नवरी घामाने निथळत उभे, बौद्धाचार्य माईक हातात धरून थांबलेले.

"अंजनाबाई, तूच लाव वं," वामनराव म्हणाले. "पोरीचं लग्न खोळंबून राहिलं."

"दुसऱ्याच्या वस्तूले मी हात लावत नाही."

"तुझाच आहे, बापा. मी सांगून राहिलो ना."

"तुम्ही नाही. त्याहिले सांगू द्या."

मनोहरराव ओठातल्या ओठात काही तरी पुटपुटला. अंजनाबाईने कमरेच्या पिशवीतून ट्यूब काढली, ट्रान्झिस्टर पुन्हा मोकळे करून मलमाचं नुसतं बोट फिरवलं, स्क्रू आवळले, नवा फ्यूज घातला, तार लावली. भोंगा खरखरला. तेव्हा तिने बौद्धाचार्यांच्या हातून माईक मागून घेतला आणि दिराच्या तोंडासमोर धरला.

"आता म्हणा."

"म्हण गा लवकर!" वामनराव ओरडले.

"सेट... सेट अंजनावहिनीचा आहे," मनोहरराव म्हणाला, आणि ते दोन्ही भोंग्यांतून कामठी रोडपर्यंत गेलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. मला अजून त्या टाळ्यांचा राग येतो. सेट तिचा होता हे ती नवरा गेल्यापासून सांगत होती. रोज हाच माईक तिच्या हातात होता, तरी वस्तीला ते ऐकू आलं नाही. त्या नालायकाने एकदा म्हटलं, तर सगळ्यांना पटलं!

अंजनाबाईने माईक मागे घेतला. पदराचा मलम न लागलेला कोपरा शोधून तो नीट पुसला, आणि मग वंदनेसाठी पुढे दिला.