फुलांच्या कपातला चहा

भवानी पेठेतल्या आमच्या घरापुढे एक लाकडी बाक होता आणि त्या बाकाचा मला मनापासून राग होता. माझी आई बायबलबाई. मिशनच्या पगारावर वस्त्यावस्त्यांतून फिरायची, बायकांना शास्त्र वाचून दाखवायची. संध्याकाळी त्याच बायका बाकावर येऊन आपली अडचण सांगत. आई मध्ये न बोलता ऐकायची, फुलांच्या कपातून चहा द्यायची, बाईसोबत प्रार्थना करायची आणि म्हणायची, "उद्या ये." मध्ये एक रात्र प्रार्थनेत गेल्याशिवाय ती कुणालाच सल्ला देत नसे. मला मात्र सगळं लगेच मिळायचं. "पाणी भर. केस बांध. हितं काय उभी ऱ्हायलीस?" त्या फुलांच्या कपाला माझा हात लागायचा तो फक्त विसळताना.

सगळ्यांत जास्त डोळ्यांत सलायची ती शेजारची, माझ्याच वयाची मुलगी. तिची आई लहानपणीच वारली होती, तेव्हा मला दया यायला हवी होती. यायची नाही. मॅट्रिकचा निकाल लागला तशी ती बाकावर येऊन बसली आणि दुसऱ्या दिवशी आई तिला म्हणाली, "मिरजेला जा. नर्स हो. तुझा हात हलका हाय." माझ्या हाताबद्दल आई आजवर एवढंच बोलली होती, की भाकरी जाड होते.

त्या दिवसापासून मलाही मिरज हवी झाली. जेवताना तेच, चर्चमधून येताना तेच. आई ऐकायची आणि ताटात आमटी वाढायची. अर्जाची मुदत संपत आली तेव्हा मी भांडले. "गावाला सल्ला देतीस, पोटची पोर दिसत न्हाय व्हय?"

"तू इचारलंस कधी?" आई म्हणाली. "नुसतं मागतीस की."

मी तिरीमिरीत चपला घातल्या, मागच्या दारानं बाहेर पडले, गल्लीला वळसा घालून पुढून आले आणि बाकावर बसले. आई हसली नाही. फुलांच्या कपात चहा आणला, शेजारी बसून प्रार्थना केली आणि म्हणाली, "उद्या ये." रात्री आम्ही एकाच खोलीत झोपलो, पण तिनं चकार शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा वळसा घालून आले.

"नाताळाला कोंबडी कापताना तू घर सोडून पळतीस," ती म्हणाली. "रगत बगवत न्हाय तुला. मिरज तुला नगंच हाय, तिला मिळाली म्हणून पायजे. तू पोरं शिकव. दुसऱ्याच्या चुका तुला लई दिसतात, त्याचं तरी सोनं व्हईल."

अंगाची आग झाली, पण त्यात खोटं काय होतं? मी ट्रेनिंग कॉलेजात नाव घातलं.

शेजारची ती मुलगी मिरजेला निघाली तेव्हा आईनं तिला एसटीत बसवून दिलं आणि ट्रंकेतली कोरी चादर दिली. ती चादर माझ्या लग्नासाठी ठेवलीय अशी माझी समजूत होती. मी स्टँडवर हात हलवला आणि आतल्या आत जळत राहिले.

परत आल्यावर आई घरात गेली नाही. बाकावरच बसली आणि गुडघा चोळत म्हणाली, "वस्त्या फिरणं हुईना आता. काम सोडू का गं? समद्या मला इचारतात, मी कुणाला इचारू? तू सांग."

मी आत जाऊन चहा केला, फुलांच्या कपात ओतला, तिच्या शेजारी बसून प्रार्थना केली. मग म्हणाले, "उद्या ये."

आई निमूटपणे उठली आणि भाकरी करायला आत गेली.