मागून येणाऱ्याचे शिक्के

खोट्या शिक्क्याला मी आयुष्यात हात लावला नाही. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत वीस वर्षं माझं काम एकच: कामगारांचे व्हिसा काढायचे, रद्द करायचे, कागदावर योग्य जागी योग्य शिक्का पडलाय का ते बघायचं. कागदात खोट दिसली की समोरच्या माणसाकडे मी बघतही नसे. बायको म्हणायची, "तू स्वर्गाच्या दारातही आधी एनओसी मागशील."

स्पेनमधल्या संत याकोबाच्या कबरीपर्यंत चालत जायचं वेड तिचं. एकदा चर्चमधून ती दोन घडीच्या पुस्तिका घेऊन आली, एक तिची, एक माझी. अशा पुस्तिकेला यात्रेकरूचा पासपोर्ट म्हणतात. वाटेतली चर्चं, धर्मशाळा, कॉफीची दुकानं त्यात शिक्के मारतात. शेवटच्या शंभर किलोमीटरमध्ये दिवसाला निदान दोन शिक्के हवेत, तरच कबरीपाशी प्रमाणपत्र मिळतं. नियम वाचून मी खूश झालो. लगेच यादीही केली: शेंगेन व्हिसा, कंपनीचं पत्र, बँक स्टेटमेंट, विमा. रजेचा अर्ज तेवढा केला नाही. या वर्षी मोठं प्रोजेक्ट आहे, पुढच्या वर्षी नक्की, असं मी तीन वर्षं म्हणालो.

"निदान संध्याकाळी आपल्या करामा भागातून एक फेरी मारू, सराव होईल," ती बूट घालताना म्हणायची.

"यल्ला, तू हो पुढे. मी मागून येतो," मी म्हणायचो आणि सोफ्यावर पाय पसरायचो.

मुलगी आतल्या खोलीतून ओरडायची, "डॅड, जस्ट गो विथ हर!" मी गेलो नाही. एकदाही नाही. हे लिहितानासुद्धा मला लाज वाटते.

एका सोमवारी पोटात दुखतंय म्हणून तिला ॲडमिट केलं आणि शुक्रवारी ती गेली. तिचा व्हिसा माझ्या स्पॉन्सरशिपवर होता, म्हणजे तो रद्दही मीच करायचा. व्हिसाचे अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरमधल्या बाईने विचारलं, "कॅन्सलेशन का रीझन?" मी म्हटलं, "डेथ." तिने स्क्रीनवरून मान वर केली नाही. मीही इतक्या वर्षांत कुणासाठी केली नव्हती. मग कॉन्सुलेटमध्ये तिच्या पासपोर्टवर रद्दचा शिक्का पडला, आणि तो सरळ पडलाय का हे मी सवयीने बघितलं.

तिचं आयडी कार्ड शोधताना खणात त्या दोन पुस्तिका दिसल्या होत्या. वसईला माती देऊन परत आल्यावर त्या उघडल्या. तिची भरलेली होती. पहिला शिक्का चर्चचा, आणि मग आमच्या गल्लीतला कॅफेटेरिया आणि लॉन्ड्री, कॅफेटेरिया आणि लॉन्ड्री. दिवसाला बरोबर दोन, खाली तिच्या अक्षरात तारीख. शेवटची तारीख ॲडमिट केलं त्याच्या आदल्या संध्याकाळची. माझी उघडली, तर तीही भरलेली. त्याच तारखा, तेच शिक्के.

मी भयंकर चिडलो. मेलेल्या बायकोवर मोठ्याने ओरडलो. स्पेनसाठीची रजा आता एका दिवसात मंजूर झाली होती. दुसऱ्या कुणासाठी चाललात तर प्रमाणपत्रावर त्याचं नाव लिहून देतात, असं मी वाचलं होतं. तिच्या नावाचा तेवढा एक कागद मला हवा होता, आणि तिने माझ्याच पासपोर्टात खोटं भरून ठेवलं होतं. नवी पुस्तिका चर्चने सहज दिली असती. पण तिच्या हातच्या तारखा टाकवेनात. आणि संध्याकाळी साडेसहाला दाराशी तिच्या बुटांचा आवाज यायचा. भास म्हणा, पण मी उठून दार उघडायचो.

शेवटी ठरवलं, या तारखा आपण खऱ्या करायच्या. एका तारखेसाठी एक संध्याकाळ चालायची. सगळ्या झाल्या की मग स्पेन.

पहिल्या संध्याकाळी कॅफेटेरियावरून लॉन्ड्रीपाशी पोचेपर्यंत मी घामाघूम झालो. काउंटरवरच्या चाचांना माझी पुस्तिका दाखवली. "ये मुहर आपने लगाई?"

"हाँ साहब. मॅडम रोज दो किताब देती थीं. एक अपनी, एक आपकी." ते हसले. "बोलती थीं, साहब धीरे चलते हैं, पीछे आ रहे हैं. फिर मुहर लगाके इधर खड़ी रहती थीं, थोड़ी देर."

"क्यों?"

"आप आ रहे हैं ना, इसलिए. गली में देखती थीं. मैं भी देखता था."

तिने एकही खोटा शिक्का मारून घेतला नव्हता. मी मागून येतो, असं मीच रोज सांगत होतो आणि तिने ते खरं धरलं होतं.

चाचांनी सवयीने शाईचं पॅड पुढे ओढलं आणि दुसऱ्या पुस्तिकेसाठी हात पुढे केला. ती गेल्याचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. "मॅडम किधर हैं? बहुत दिन हुए."

"पीछे आ रही है," मी म्हणालो.

चाचांनी मान वाकवून गल्लीत पाहिलं. मी तिथेच उभा राहिलो, थोडा वेळ.