झऱ्याची दोन नावं

आम्ही पाइपाइ, डोंगराळ मुलखातली एक जुनी आदिवासी जमात. आमच्या सांता कातारिना गावात रेमेदिओस कान्येदोला सगळे ‘प्रोफेसरीणबाई’ म्हणत, आणि तेही कौतुकानं नव्हे. ती शाळेत स्वयंपाक करायची. त्याआधी बाहेरून येणाऱ्या अभ्यासकांना घरं दाखवत फिरायची. ते प्रश्न विचारत, आवाज टिपून घेत, मडकी घडवणाऱ्या बायकांचे फोटो काढत आणि निघून जात. पुढे त्यांचं येणं थांबलं. रेमेदिओसचं फिरणं थांबलं नाही.

तिला हवी होती जुन्या वाटेवरच्या जागांची नावं. पूर्वी थंडीच्या आधी आख्खं गाव त्या वाटेनं डोंगरात पाइनच्या झाडांचे चिलगोजे गोळा करायला जायचं. तिथला प्रत्येक झरा, प्रत्येक खडक नावानं ओळखला जायचा, पण नकाशात त्यातलं एकही नाव नव्हतं. रेमेदिओसला तर आमची भाषाही धड येत नव्हती. स्पॅनिश बोललीस तर कुणी हसणार नाही, म्हणून तिच्या आईनं आपली भाषा तिला शिकवलीच नव्हती.

नावं ठाऊक असलेली दोनच माणसं उरली होती. लिब्रादोकाका आणि त्यांची थोरली बहीण गुमेर्सिंदाआत्या. एका घोडीच्या वाटणीवरून दोघांचं बोलणं तुटलं होतं. घोडी मरून जमाना झाला, अबोला तसाच होता.

रेमेदिओस दर रविवारी दोघांकडे जायची. आवाज नेणारे परत काहीच आणून देत नाहीत, असं म्हणून काकांनी आधी तिला उडवून लावलं.

“मी कुठे जाणार, काका? माझं घर तुमच्या दारातून दिसतं.”

काकांनी तिला लाकडं फोडायला लावली. तिनं फोडली. आत्या तिच्या उच्चारांना हसायची, म्हणायची, “तुझं बोलणं म्हणजे खडे राहिलेलं पीठ.” रेमेदिओस तोच शब्द पुन्हा म्हणायची.

मग एका झऱ्यावर गाडं अडलं. काका त्याला ‘लाल पाणी’ म्हणत, आत्या ‘कोल्हीण बसते ती जागा’. दुसऱ्याला काही कळत नाही, यावर मात्र दोघांचं एकमत होतं. रेमेदिओसनं ठरवलं, दोघांना तिथे न्यायचं. पिकअप माझी होती. वाटेतच भांडणं होतील, असं मी म्हणालो.

“तू फक्त गाडी चालव,” ती म्हणाली.

झरा आता एका गुरांच्या मळ्याच्या कुंपणात गेलाय. मालकानं या म्हणून सांगितलं होतं, पण फाटकाला कुलूप. मी गाडी वळवायला लागलो, तर ती उतरून फाटकाशी जाऊन बसली. ऊन चढलं. शेवटी राखणदार घोड्यावरून आला. मला कुणी काही सांगितलेलं नाही, म्हणाला.

“मग विचारून या,” रेमेदिओस शांतपणे म्हणाली. “आम्ही इथेच आहोत.”

तो कुरकुरत गेला, परत आला आणि त्यानं कुलूप काढलं.

झऱ्यात पाणी थोडंच होतं. काठच्या खडकात ओकची फळं कुटून झालेले खळगे होते. आत्या टेकली आणि एका खळग्यात हात घालून बसून राहिली. काकांनी तांबड्या चिखलाकडे बोट दाखवलं. “आता बोल. लाल आहे की नाही?”

“लाल पाणी ते खालचं डबकं,” आत्या त्यांच्याकडे न बघता म्हणाली. “आई इथे कुटायला बसायची तेव्हा तू तिच्या पाठीला बांधलेला असायचास. तुला काय दिसणार?”

काका तिच्या शेजारी खडकावर टेकले. मग हळूच विचारलं, “आई आणखी काय म्हणायची इथे?”

आत्या बोलायला लागली. रेमेदिओसला त्यातलं अर्धंच कळत होतं. तरी मध्ये काही न विचारता ती आवाज टिपत राहिली. डोळे पुसायलाही तिनं हात हलवला नाही.

परतताना भाऊ-बहीण प्रत्येक वळणावर नावांवरून भांडत होते. रेमेदिओसनं मला गाडी हळू घ्यायला सांगितलं.

शाळेच्या भिंतीवर तिनं वाटेचा नकाशा रंगवला. झऱ्यापाशी आत्याचं ‘कोल्हीण बसते ती जागा’ लिहिलं, खालच्या डबक्यापाशी काकांचं ‘लाल पाणी’. पुढच्या वर्षी चिलगोज्यांच्या दिवसांत काका आपणहून माझ्या दारात आले. डोंगरापलीकडच्या जागा अजून राहिल्यात, म्हणाले. आत्या आधीच पिकअपमध्ये पुढे बसली होती. रेमेदिओस पाण्याचा कॅन घेऊन मागे चढली.